आपलं घर डावं

गेल्या दिवाळीत भाची, म्हणजे दादाची मुलगी, गावी आली ती कागदांचा एक गठ्ठा घेऊन. पुण्यात ती राज्यशास्त्रात एम.ए. करते. तिला एक पाहणी करायची होती: आपला समाज राजकीयदृष्ट्या कुठं उभा आहे, डावीकडं की उजवीकडं. कागदावर एक आडवी रेघ आणि रेघेवर एक ते दहा आकडे. एक म्हणजे पार डावं टोक, दहा म्हणजे पार उजवं. डावं म्हणजे ढोबळमानानं समता आणि वाटप मागणारं, उजवं म्हणजे परंपरा आणि खुला बाजार राखणारं. जगातल्या कितीतरी देशांत लोकांना हाच प्रश्न असाच विचारतात आणि त्यावरून कुठला समाज किती डावा, किती उजवा हे ठरवतात, असं तिनं मला सांगितलं. सोप्यात कारखान्याच्या सवलतीच्या साखरेचं पोतं नुकतंच आणून टाकलं होतं. दादा त्याला टेकून बसला होता, आई सुपात शेंगा घेऊन फोडत होती, वहिनी कपबश्या गोळा करत होती. भाचीनं घरापासूनच सुरुवात केली. दादानं जराही विचार केला नाही. म्हणाला, "आपलं घर डावं. पहिल्यापासनं. दोनवर कर खूण." भाचीनं दोनभोवती गोल केला. मग तिनं आपल्या आईकडं बघितलं. वहिनी म्हणाली, "आता ह्यांनी सांगितलं की," आणि कपबश्या घेऊन आत गेली.

सांगलीला परत येताना एस.टी.त ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. तासगाव मागं पडलं, छाटणी झालेल्या द्राक्षबागांवर कोवळी पालवी दिसत होती, कवलापूरच्या पुढं शहराचे दिवे लागले, आणि मी अजून 'आपलं घर डावं' यातच अडकले होते. दादा खोटं बोलला नव्हता. आमच्या घरातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तर हेच उत्तर आलं असतं. मीही अनेकदा हेच सांगत आले, अभिमानानं. मग त्या दिवशीच ते का टोचलं, हे शोधत शोधत हे लिहायला बसले आहे.

सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना झुगारून लोकांनी चालवलेलं स्वतःचं सरकार, सुरू झालं तेव्हा वडील तेरा-चौदा वर्षांचे होते. तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हाच नव्हता. येरळेच्या काठचं आमचं गाव, तिथून कुंडल काही फार लांब नाही. भाकरीच्या फडक्यात चिठ्ठी घालून रानातल्या माणसांपर्यंत पोचवायची, एवढंच त्यांचं काम. पण त्या कामानं त्यांचं सगळं आयुष्य ठरवून टाकलं. पत्री मारल्याच्या, म्हणजे प्रतिसरकारनं दिलेल्या जबर शिक्षेच्या, गोष्टी बाहेरची माणसं चवीनं सांगतात, वडील त्या फारशा सांगत नसत. ते सांगत सावकाराच्या वहीतलं व्याज पंचांसमोर मोजून कमी केल्याच्या गोष्टी. गांधी विवाहाच्या गोष्टी, हुंडा नाही, मानपान नाही, हार घालून लागलेलं लग्न. प्रतिसरकारचे पुढारी नाना पाटील यांची सभा असली की बैलगाडी जुंपून जायचे. स्वातंत्र्यानंतर नाना शेतकरी कामगार पक्षात गेले, पुढं कम्युनिस्ट झाले. वडीलही त्यांच्या मागोमाग गेले. आमच्या शाळेच्या पुस्तकांना रशियातून येणाऱ्या गुळगुळीत मासिकांची पानं कव्हर म्हणून असायची. गहू कापणारी हसरी माणसं, बर्फात उभी असलेली मुलं. भूगोलाच्या पुस्तकावर तर एक भलंमोठं धरण होतं, ते मी तास तास बघत बसायचे.

आणि त्याच घरात आषाढी चुकली नाही. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, एकादशीला घरात चूल उशिरा पेटायची, रात्री देवळात भजनाला त्यांचा टाळ पहिल्यांदा वाजायचा. भिंतीवर विठ्ठल, शिवाजी महाराज आणि नाना पाटील एका ओळीत. पुण्यात शिकायला गेल्यावर मैत्रिणी विचारायच्या, हे कसं जमतं? वडिलांना कधी जमवावं लागलंच नव्हतं. दिंडीत चालणारी माणसं आणि मोर्च्यात चालणारी माणसं त्यांच्यासाठी तीच होती, खांद्यावरच्या झेंड्याचा रंग तेवढा बदलायचा. पोथीतलं समतेचं वाक्य त्यांना जाहीरनाम्यातल्या वाक्याइतकंच खरं वाटायचं. भाचीच्या रेघेवर त्यांना कुठं ठेवायचं? जमिनीच्या प्रश्नावर एक. देवाच्या प्रश्नावर कदाचित आठ. या दोन्हींची सरासरी काढली तर साडेचार येते, आणि साडेचारवर कोणीतरी दुसराच माणूस उभा असतो, ज्याला मी ओळखत नाही.

ही डावी-उजवीची भानगड सुरू झाली ती १७८९ च्या फ्रान्समध्ये. राजाला कायदा अडवण्याचा अधिकार असावा असं म्हणणारे अध्यक्षाच्या उजव्या बाजूला बसले, नको म्हणणारे डाव्या बाजूला. साताऱ्यात तेव्हा दुसरे शाहू महाराज गादीवर होते आणि कायदा अडवणं तर सोडाच, कारभारातला शब्दही त्यांच्या हातात नव्हता, सगळं पुण्याहून चालायचं. म्हणजे ज्या भांडणातून ही रेघ निघाली ते भांडण तेव्हा आमच्याकडं नव्हतंच. आमच्याकडं वेगळी भांडणं होती, पाणवठ्यावर कोणी यायचं, पोथी कोणी वाचायची, लग्न कोणी लावायचं. खटाव तालुक्यातल्या कटगुणहून गेलेल्या घराण्यात जोतिबा झाले, नायगावात सावित्रीबाई जन्मल्या, त्यांनी ती भांडणं चव्हाट्यावर आणली. त्यांची बाजू कुठली, हे सांगायला फ्रान्सच्या सभागृहातली खुर्ची लागत नाही. आपल्या लोकसभेत तर सत्ताधारी अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतात आणि विरोधक डाव्या हाताला. सरकार बदललं की माणसं बाजू बदलतात, विचार तोच राहतो.

भाचीला मी औंधच्या राजाबद्दल सांगितलं. तिला हे माहीत नव्हतं याचं मला वाईट वाटलं, कारण कुंडल औंध संस्थानातलंच. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, देवीभक्त, चित्रकार, शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावणारे. १९१० साली लक्ष्मणराव किरलोस्करांना नांगराच्या कारखान्यासाठी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली ती त्यांनी. पुढं गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ मध्ये आपल्या संस्थानाला राज्यघटना दिली आणि कारभार गावच्या पंचायतींकडं सोपवला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मोकळी वसाहत उभी राहिली, जिथं जन्मठेपेचे कैदी भिंतीशिवाय, बायकामुलांसह शेती करून राहतात, ती त्याच काळातली. आणि १९४३ नंतर इंग्रजांचे पोलीस मागं लागले की प्रतिसरकारच्या लोकांना आसरा मिळायचा तो औंधच्या हद्दीतल्या गावांत. राजा, भांडवलदाराचा पाठीराखा, धार्मिक माणूस, आणि आपणहून सत्ता सोडणारा. भाची कागदावर पेन टेकवून बराच वेळ बसली. शेवटी तिनं आकडा लिहिला नाही, नुसतं 'औंध' असं लिहून ठेवलं.

मतांवरून समाजाची जागा काढावी तर तेही अवघड. १९५७ साली उत्तर साताऱ्यातून नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून लोकसभेवर गेले. १९६२ ला साताऱ्यानं परत काँग्रेसचा खासदार निवडला. पाच वर्षांत सातारकर डावीकडून मध्यावर सरकले? वडील म्हणायचे, लोक होते तिथंच होते, १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र पाहिजे होता आणि नानांवर जीव होता, म्हणून. आमच्या सांगलीतही वर्षानुवर्षं हात, मग २०१४ ला कमळ, २०२४ ला अपक्ष. त्याच गल्ल्या, तीच घरं, त्याच घरांत तीच देवघरं. काँग्रेसचे यशवंतराव चव्हाण तरुणपणी मूळचे कम्युनिस्ट असलेल्या मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडं ओढले गेले होते. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वेदशास्त्र शिकलेले आणि तरी रॉयवादी. आमच्या मातीत माणसं अशी मिसळूनच आली आहेत. आणि १९८९ पासून कायदाच असा आहे की नोंदणी करायची तर प्रत्येक पक्षानं समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही यांच्याशी निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. कागदोपत्री बघायला गेलं तर देशातला प्रत्येक नोंदणीकृत पक्ष समाजवादी आहे.

लिहून देण्याला काय किंमत असते, हे मला माहीत आहे.

वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी दादानं मला आणि आक्काला विट्याला बोलावलं. दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर बाकड्यावर दस्तलेखकानं कागद तयारच ठेवला होता. हक्कसोड पत्र. वडिलांच्या जमिनीत आम्हा दोघी बहिणींचा जो काही हिस्सा निघतो तो आम्ही राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, काही मोबदला न घेता भावाच्या लाभात सोडत आहोत. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. हे मला तोंडपाठ होतं, शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवायचे. आत नंबर लागला, यंत्रावर अंगठा टेकवला, छोट्या कॅमेऱ्याकडं बघायला सांगितलं. साहेबानं विचारलं, "राजीखुशीनं देताय ना?" आक्का लगेच "होय" म्हणाली. आक्काचं सासर जतकडं, तिकडची जमीन कोरडी, तिला त्या हिश्श्याची गरज माझ्यापेक्षा किती जास्त होती. मीही होय म्हणाले. बाहेर आल्यावर दादानं पेढे घेतले, विट्याच्या बाजारात आम्हा दोघींना साड्या घेतल्या, स्वतः निवडून, माझी जांभळी, आक्काची मोरपंखी. खानावळीत जेवलो. आक्का माझ्या ताटात आपली पोळी ठेवत हळूच म्हणाली, "माहेर राहिलं बघ आपलं."

मला दादाचा राग येत नाही, हे खरंच लिहिते. आईचं सगळं तो आणि वहिनी करतात. आक्काच्या पोराच्या शिक्षणाला त्यानं न सांगता पैसे पाठवले. पाटपाण्याच्या मोर्च्यात लाठ्या खाल्ल्या आहेत त्यानं. गावात कोणाची जमीन सावकारानं हडपली तर रात्री-अपरात्री उठून जातो. आणि तरी त्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात बायकांची जी रांग होती, डोक्यावर पदर घेतलेल्या, कोणाचा भाऊ बाजूला उभा, कोणाचा पुतण्या, त्या रांगेत सगळ्या पक्षांच्या घरच्या बायका होत्या. लाल झेंड्याच्या घरच्या, भगव्या झेंड्याच्या, हाताच्या, घड्याळाच्या. पुढाऱ्यांच्या सभांत त्या घरांत हाडवैर. तिथं मात्र सगळ्यांच्या कागदावरचा मजकूर एकच होता, दस्तलेखकानं फक्त नावं आणि गट नंबर बदलले होते.

अशा वेळी मला शेतकरी संघटनेचे शरद जोशी आठवतात. त्यांचा जन्म साताऱ्याचा, १९३५ चा. परदेशातली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आलेले. सरकारनं शेतकऱ्याच्या बाजारातून हात काढावा, भीक नको, घामाचे दाम हवेत, हे त्यांचं म्हणणं. पुस्तकी हिशेबानं हे उजवं. छातीवरचा बिल्ला लाल. आमच्या घरात त्यांच्याबद्दल चांगलं बोललं जायचं नाही, वडिलांना त्यांचं अर्थशास्त्र पटत नव्हतं. पण १९८६ मध्ये चांदवडला त्यांच्या संघटनेचं महिला अधिवेशन झालं, आणि पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला: शेतकऱ्यानं आपण होऊन आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. हजारो शेतकऱ्यांनी तो केला. कोणताही कायदा त्यांना तसं करायला सांगत नव्हता. जमिनीच्या फेरवाटपाच्या घोषणांत वाढलेल्या आमच्या घरातल्या सातबारावर मात्र आजही एका बाईचं नाव नाही. गंमत म्हणून मी हे सांगत नाही, मला त्यानं फार अस्वस्थ होतं. आणि याच जोशींनी मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं, बाजूनं १८६ आणि विरोधात ते एकटे. त्यांची कारणं त्यांनी सभागृहात सांगितली. तरी मला ते मत अजून पटलेलं नाही. एकाच माणसानं केलेल्या या दोन गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवते आणि त्यातली कुठलीच गाळत नाही.

आमच्या भागाला पुरोगामी म्हणायची पद्धत आहे, आणि त्याला आधारही आहे. काले गावात १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली आणि सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात, एका पंगतीत जेवली. वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. कासेगावातून परित्यक्तांची चळवळ उभी राहिली, इंदुताई पाटणकरांच्या बरोबर नवऱ्यानं टाकलेल्या बायका मोर्चे घेऊन तहसीलवर आल्या, हक्काचं मागायला. हे सगळं खरं. आणि २००१ च्या जनगणनेत, २०११ च्याही जनगणनेत, सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं नऊशे मुलीसुद्धा नव्हत्या, हेही खरं. २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेनं 'नकुशी' नावाच्या मुली शोधून काढल्या आणि समारंभ करून त्यांना नवी नावं दिली. अडीचशेहून जास्त निघाल्या. त्यांच्यापैकी कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली. माझ्या वर्गातही पूर्वी एक नकुशा होती. हजेरी घेताना मी तिचं नाव भरभर म्हणून पुढं जायची. तिचा आवाज वर्गात सगळ्यात खणखणीत, कविता म्हणायला तीच पुढं. तिच्या घरावर कुठल्या पक्षाचा झेंडा होता, मला आठवत नाही, आणि आठवला असता तरी त्यावरून काही कळलं नसतं.

कारखान्याचंही तसंच. सहकारात एका सभासदाला एक मत, मग त्याचा ऊस एक एकर असो की पन्नास. ही लहान गोष्ट नाही. वार्षिक सभेत मळक्या टोपीचा माणूस उठून अध्यक्षाला दराचा जाब विचारतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे आणि तेव्हा ऊर भरून आला आहे. पण सभासद कोण, तर ज्याच्या नावावर जमीन आणि जमिनीत ऊस. म्हणजे बहुतेक पुरुष. आणि दिवाळीनंतर बीडकडून बैलगाड्या, ट्रॅक्टर येतात, कारखान्याच्या तळावर आणि रानाच्या कडेला कोप्या पडतात, त्या माणसांना सभेत जागा नाही. तिथं हिशेब कोयत्यावर असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून घेतो नवरा, पहाटे चारला थंडीत मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवते ती, तिचं नाव कुठल्याच वहीत वेगळं नसतं. एकटी बाई असेल तर अर्धा कोयता. उसाच्या दरासाठी रस्ता अडवणारा आमचा शेतकरी रास्त भावाची मागणी करतो आणि ती बरोबरच असते. तोच शेतकरी आपल्या रानात तोड लवकर व्हावी म्हणून हात जोडतो, तेव्हा त्या अर्ध्या कोयत्याच्या मजुरीचा प्रश्न त्याच्या तोंडून मी फारसा ऐकलेला नाही.

एवढं लिहूनही मला या भागाबद्दल निराशा वाटत नाही, आणि त्याला पाणी कारण आहे. आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे आहेत. कृष्णाकाठचा वाळवा हिरवागार, आणि आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर कोरडे. पोरं उन्हाळ्यात टँकरमागं पळत मोठी झाली. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यात येरळेतली वाळू बाहेरचे ठेकेदार उपसून नेत होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी म्हटलं, वाळू आमची, ती बेतानं विकून आम्ही आमचं धरण बांधू. बांधलं, आणि त्याला बळीराजाचं नाव दिलं. त्यात ठरलेली एक गोष्ट मला आजही चकित करते: पाण्याचा वाटा जमिनीवर ठरणार नाही, घरटी ठरेल, आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही मिळेल. पुढं आटपाडीत दरवर्षी पाणी परिषदा भरू लागल्या. त्यांत प्रतिसरकारमधले जुने कार्यकर्ते नागनाथअण्णा नायकवडी आणि जी. डी. बापू लाड, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, भारत पाटणकर, आणि हजारोंनी कोरडवाहू माणसं. समन्यायी पाणीवाटप हा शब्द तिथं इतका रुळला की म्हातारी माणसं तो पाहुण्यांना समजावून सांगायची. वडील थकले होते तरी गेले होते. त्या गर्दीत वारकरी होते, धनगर होते, निवृत्त फौजी होते, शाखेत जाणारेही होते. कोणी कोणाला तू कुठल्या बाजूचा असं विचारत नव्हतं, आणि तरी तिथं जे मागितलं जात होतं ते या देशात मागितलेल्या सगळ्यात समतेच्या गोष्टींपैकी एक होतं.

तेव्हा माझं म्हणणं असं झालं आहे. समाज डावा की उजवा हे विचारताना आपण त्याला नेहमी सरकारपुढं उभा करून विचारतो. सरकारनं काय द्यावं, काय घेऊ नये, कोणाला राखीव जागा द्याव्यात. भाचीनं मला प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा या अभ्यासकांचं म्हणणं समजावून सांगितलं, की युरोपची ही रेघ भारताला जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्याकडचे वैचारिक मतभेद वेगळ्या प्रश्नांवर आहेत, समाजाच्या रीतिरिवाजांत राज्यानं कितपत हात घालावा, आणि मागं ठेवलेल्या समूहांना वेगळं स्थान द्यावं का. मला ते पटलं. पण तिथंही माणूस सरकारकडं तोंड करूनच उभा आहे. सरकारसमोर आम्ही सगळेच बऱ्यापैकी डावे आहोत, हमीभाव मागतो, पाणी मागतो, कर्जमाफी मागतो, कोणी लाल झेंडा घेऊन, कोणी भगवा. उंबऱ्याच्या आत जमीन कोणाची, लेकीनं लग्न कोणाशी करायचं, ताट कोणाचं शेवटी वाढायचं, हे प्रश्न आले की सगळ्या झेंड्यांची घरं जवळजवळ एकाच आकड्यावर येऊन बसतात. तो आकडा मला नऊच्या पुढचा वाटतो. आणि हे बोलायला मला बरं वाटत नाही, कारण त्या घरांत माझं सगळ्यात लाडकं घर आहे.

भाचीला मी एवढं सगळं एका दमात सांगितलं नाही, तुकड्यातुकड्यांनी फोनवर बोललो. तिनं हक्कसोडाबद्दल ऐकलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आत्या, मी सही करणार नाही. पप्पांना आत्ताच सांगून ठेवते." मी म्हटलं, सांग, मी तुझ्या बाजूनं बोलेन. मग आम्ही तिच्या कागदात भर घालायला बसलो. सातबारावर घरातल्या बाईचं नाव आहे का. बहिणींकडून हक्कसोड घेतलं का. मुलीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं तर पहिल्या दिवाळीला जावयाला बोलवाल का. तोडीला आलेल्या बाईची मजुरी तिच्या हातात द्यायची म्हटलं तर मुकादमाशी बोलाल का. तिच्या मार्गदर्शकांनी कागद बघितला आणि अडचण सांगितली: असे प्रश्न घातले तर उत्तरांची दुसऱ्या देशांशी तुलना करता येणार नाही, फ्रान्समध्ये सातबारा नसतो. त्यांचं बरोबर आहे. एक ते दहाची रेघ त्यामुळंच टिकून आहे, ती कुठंही नेता येते. भाची हिरमुसली होती. मी म्हटलं, रेघ काढू नकोस, तो प्रश्न पहिला राहू दे, आणि आपले प्रश्न त्याच्याखाली जोड. ज्यानं दोनवर खूण केली त्याचा सातबारा काय म्हणतो आणि ज्यानं नऊवर केली त्याचा काय म्हणतो, हे शेजारी शेजारी ठेवता आलं तर तुझ्या मार्गदर्शकांनाही ते वाचावंसं वाटेल. ते त्यांनी मान्य केलं.

पुढच्या महिन्यात ती खानापूर आणि आटपाडीच्या गावांत फिरणार आहे, मी बरोबर जाते आहे. आक्काही जतहून यायचं म्हणते. भाचीला मी एवढंच बजावून ठेवलं आहे की घरात गेल्यावर बाईला नवऱ्यासमोर विचारायचं नाही. चहा ठेवायला ती आत गेली की तिच्या मागोमाग आत जायचं आणि तिथं विचारायचं, आणि 'ह्यांनी सांगितलं की' असं म्हणाली तर तो कागद भरला असं समजायचं नाही, परत जायचं.